आधी कान, मग पाऊल : बॉलरूम आणि टँगोच्या एका वर्गाविषयी

पहिल्या संध्याकाळी शिक्षिकेने आम्हाला चाळीस मिनिटे एकही स्टेप शिकवली नाही. खुर्च्या भिंतीला सरकवून आम्ही सव्वीस जण दालनभर विखरून उभे होतो, वॉल्ट्झचे संगीत सुरू होते आणि काम एकच दिले होते: तीन मात्रांच्या त्या आवर्तनातली पहिली मात्रा ओळखायची आणि ती आली की शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचे. पाऊल उचलायचे नाही, कोणाचा हात धरायचा नाही आणि मोठ्याने मोजायचे तर मुळीच नाही. बावीस वर्षांपूर्वी मी दोन वर्षे बॉलरूम शिकले होते, त्यामुळे हे आपल्याला येतेच अशा समजुतीत मी उभी होते; पण पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आले की मला आकडे येतात, वॉल्ट्झ येत नाही. व्हायोलिनने सूर जरा रेंगाळत ठेवला की माझी 'एक' हरवत होती आणि ती शोधायला मी शेजारच्या माणसाच्या पायांकडे पाहत होते.

बऱ्याच वर्षांनी नाचाकडे परतणाऱ्याला जुनी पावले आठवून देणारे वर्ग पुष्कळ असतात. सोळा आठवड्यांचा हा वर्ग आधी कान तयार करतो, आणि माझ्यापुरते सांगायचे तर नाच माझ्याकडे परत आला तो कानाच्याच वाटेने. वर्गाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच्या उणिवाही मांडायच्या आहेत आणि दोनच शिक्षकांच्या कष्टांवर चालणाऱ्या लहानशा जागेचे नाव घेऊन त्या मांडणे मला बरे वाटत नाही. असा वर्ग निवडताना काय पाहावे, काय विचारावे, एवढे वाचणाऱ्याला ह्यातून कळले तरी पुरे.

तरुणपणी मी जिथे शिकले तिथे संगीत लावले जाई, पण ऐकले जात नसे. शिक्षक टाळ्या वाजवत आकडे म्हणत, आम्ही त्या आकड्यांवर पावले टाकत असू आणि गाणे कुठेतरी मागे चाललेले असे. वॉल्ट्झचे नॅचरल टर्न आणि रिव्हर्स टर्न, म्हणजे उजवीकडचे आणि डावीकडचे वळण, क्विकस्टेपची धावती पावले, रुंबा, चा-चा-चा, सगळे मी पाठ केले, पहिल्या पातळीची परीक्षाही दिली. पुढे नोकरी, बदल्या, मुलीचे आजारपण ह्यांत वर्ग सुटला. सुटला तेव्हा मला फारसे वाईट वाटले नाही, आणि आज मला त्याचेच अधिक वाईट वाटते. पाठांतर सुटल्याचे दुःख कोणाला होणार? संगीत सुटले असते तर ते जाणवले असते. मध्यंतरीच्या वर्षांत मी नाचाची आठवणही काढली नव्हती. मग एका रात्री उशिरापर्यंत काम करत असताना, लावून ठेवलेल्या गाण्यांच्या ओघात, कोणीही न मागता एक जुना टँगो वाजू लागला आणि बँडोनिऑन ह्या भात्याच्या वाद्याचा तो दाटलेला, आत ओढून घेतलेल्या श्वासासारखा सूर ऐकून मी हातातले काम ठेवले. पुढचे तीन-चार महिने मी केवळ ऐकत होते. वर्गात नाव घातले ते त्यानंतर.

वर्ग आठवड्यातून एकदा, दोन तासांचा असतो. पहिला अर्धा तास श्रवणाचा, मधला एक तास शिकण्याचा आणि शेवटचा अर्धा तास मोकळ्या सरावाचा. पहिले आठ आठवडे वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि बॉलरूम टँगो, आणि ते शिक्षिका शिकवतात. पुढचे आठ आठवडे आर्जेंटाइन टँगो, आणि तो दुसरे शिक्षक शिकवतात. जोडीदार घेऊनच यावे अशी अट नाही. दर दोन-तीन गाण्यांनी पार्टनर बदलतात, त्यामुळे एकटी आलेली माझ्यासारखी बाई बाजूला पडत नाही आणि जोडीने आलेल्यांनाही परक्याच्या हातांतला फरक कळू लागतो.

बॉलरूमच्या आठ आठवड्यांत वॉल्ट्झ सर्वांत चांगला शिकवला गेला. इंटरनॅशनल स्टँडर्ड पद्धतीत स्पर्धेच्या वॉल्ट्झची गती मिनिटाला २८ ते ३० बार (वॉल्ट्झमध्ये एक बार म्हणजे तीन मात्रांचे एक आवर्तन), म्हणजे ८४ ते ९० मात्रा असते. ऐकताना ती संथ वाटते. पण पहिल्या मात्रेला टाच आधी टेकवून पुढे जायचे, ती संपता संपता शरीराने वर उठू लागायचे, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेत ती उंची वाढवत न्यायची आणि तिसरीच्या अगदी शेवटी गुडघा सैल करून खाली उतरायचे, एवढे सगळे एका बारमध्ये करायचे असल्यामुळे शिकणाऱ्याला ती संथ गतीही अपुरी पडते. जुन्या वर्गात हा चढउतार आमच्याकडून 'खाली, वर, वर' असा घोकून घेतला होता आणि तो कवायतीसारखा दिसे. इथे शिक्षिकेने तो मात्रांच्या वजनाशी जोडला. पहिली मात्रा जड आणि पुढच्या दोन हलक्या आहेत हे कानाला पटले की शरीर आपोआप पहिलीला जमीन धरते आणि पुढे हलके होते, असे त्या सांगत. तिसऱ्या मात्रेवरून मी घाईने उतरत होते तेव्हा त्या थांबून म्हणाल्या, "तुम्ही समेवर धावून जाता आहात. तिला तुमच्याकडे येऊ द्या." दोन वर्षांच्या जुन्या शिक्षणात न सुधारलेला माझा रिव्हर्स टर्न त्या आठवड्यापासून सुधारू लागला.

बुटांविषयी वर्गाने आधी सांगायला हवे होते, ते सांगितले नाही. माझे जुने नाचाचे बूट बावीस वर्षे खोक्यात होते, वरून शाबूत दिसत होते, आणि दुसऱ्याच आठवड्यात भर नॅचरल टर्नमध्ये उजव्या बुटाचा सोल पुढून अर्धा सुटला. आतला गोंद वाळून भुगा झाला होता. पार्टनरने मला वेळीच सावरले म्हणून पाय मुरगळला नाही. चांभाराकडून मी नवा स्वेडचा, म्हणजे खरखरीत चामड्याचा, सोल चिकटवून वर शिवूनही घेतला. परतणाऱ्या प्रत्येकाने आपले जुने बूट आधी वाकवून, सोल नखाने उचकटून पाहावेत. नवे घ्यायचे असतील तर स्वेड किंवा गुळगुळीत चामड्याचा सोल घ्यावा आणि स्वेड गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने तो पुन्हा खरखरीत करावा. रबरी सोलचे रोजचे बूट जमीन धरून ठेवतात, त्यामुळे वळताना शरीर फिरते, पाय फिरत नाही आणि पीळ गुडघ्यात बसतो. आमच्यातले सात-आठ जण पहिला महिनाभर तसल्या बुटांत नाचत होते आणि गुडघ्यांच्या तक्रारी करत होते.

फॉक्सट्रॉट दोन आठवड्यांत उरकला. बॉलरूमच्या नाचांतला हा बहुधा सर्वांत अवघड नाच, कारण त्यात पाऊल कुठे संपले हे दिसता कामा नये. एवढ्या वेळात फेदर स्टेप आणि थ्री स्टेपची ओळख होते, त्याहून अधिक काही हाती लागत नाही. तो वगळून तोच वेळ वॉल्ट्झला दिला असता तर मला आवडले असते.

बॉलरूम टँगोला तीन आठवडे मिळाले आणि ते योग्य जागी आले, कारण पुढच्या आठ आठवड्यांचा पाया तिथे घातला गेला. १९१३ च्या सुमारास पॅरिस आणि लंडनमध्ये टँगोचे वेड पसरले, आणि पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या नृत्यशिक्षकांनी बॉलरूमचे नाच नियमांत बसवायला घेतले तेव्हा टँगोही त्यांत आला; इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग ह्या संस्थेची बॉलरूम शाखा १९२४ सालची आहे. त्या नियमबद्ध टँगोत वॉल्ट्झचा चढउतार नसतो. गुडघे किंचित वाकलेले राहतात, पाऊल जमिनीवरून सरकवत न नेता उचलून ठेवले जाते, चाल हळूच डावीकडे वळत जाते, फॉलोअर, म्हणजे साथ देणारी, लीडरच्या, म्हणजे चाल सुचवणाऱ्याच्या, उजव्या अंगाला अधिक सरकून उभी राहते आणि थांबणे हे चालण्याइतकेच ठसठशीत असावे लागते. गती मिनिटाला ३१ ते ३३ बार. मला हा नाच तरुणपणी आवडत नसे, तो रागीट वाटे. आता तो आवडला, कारण शिक्षिकेने त्याला ताल देणारे संगीत आधी नीट ऐकवले आणि त्यातल्या तुटक जागा दाखवल्या. मानेचा झटका आपल्याला वाटले म्हणून नव्हे, तर त्या जागा आहेत म्हणून द्यायचा, हे तेव्हा समजले.

श्रवणाचा अर्धा तास हा ह्या वर्गाचा प्राण आहे, आणि त्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे. दिवे मंद केलेले नसतात, वातावरणनिर्मिती नसते. शिक्षक एक ध्वनिमुद्रण लावतात, एकच गोष्ट ऐकायला सांगतात आणि तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावतात. पहिल्यांदा फक्त डबल बास ऐकायचा. दुसऱ्यांदा पियानोचा डावा हात. तिसऱ्यांदा वाक्य संपते तिथे हात वर करायचा. बहुतेक टँगोंची वाक्ये सम लांबीची असतात आणि ठराविक वाक्यांनी एक भाग पुरा होतो, हे आम्हाला कोणी फळ्यावर लिहून दिले नाही; तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे हात एकदम वर गेले तेव्हा ते कळले. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचेच संगीत मावत असे, म्हणून त्या काळचे टँगो अडीच-तीन मिनिटांत आपले सगळे म्हणणे मांडून संपतात. ह्या आखूडपणामुळे पुन्हापुन्हा ऐकणे सोपे जाते.

बँडोनिऑनविषयी एक पूर्ण श्रवणसत्र झाले. हे वाद्य जर्मनीतले, क्रेफेल्ड गावच्या हाइनरिश बांड ह्यांच्या नावावरून ओळखले जाणारे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे. ते दक्षिण अमेरिकेत पोहोचले आणि टँगोचा आवाज बनले. टँगोवादकांनी आपलासा केलेल्या प्रकारात ७१ बटणे असतात, आणि भाता उघडताना जे बटण एक सूर देते तेच भाता मिटताना बहुधा दुसरा सूर देते, म्हणजे वादकाला दोन्ही हातांसाठी दोन-दोन मांडण्या लक्षात ठेवाव्या लागतात. पेटीचा भाता हवा पुरवतो आणि सूर बोटे ठरवतात. इथे भात्याची दिशा स्वतःच सूर ठरवते. हे समजल्यावर त्या वाद्यातला श्वास मला ऐकू येऊ लागला. वाक्य संपताना भाता कुठे उलटतो ते ऐकू येते, आणि नाचणाऱ्याने वजन बदलण्याची ती फार चांगली जागा असते.

पुढे चार वाद्यवृंद चार आठवड्यांत ऐकवले गेले. सुरुवात हुआन दारिएन्सो ह्यांच्यापासून झाली, आणि ती निवड अचूक होती. त्यांना 'ठेक्याचा राजा' म्हणत. १९३५ च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी त्यांच्या वाद्यवृंदात पियानोवर आले, आणि त्या जोडीच्या ध्वनिमुद्रणांत ठेका इतका टोकदार आहे की कान बंद करून घेतले तरी पाय थांबत नाहीत. आर्जेंटिनाच्या राजधानीतली, ब्वेनोस आइरेसमधली तरुण मंडळी पुन्हा टँगो नाचू लागली त्याचे बरेचसे श्रेय ह्या वाद्यवृंदाला दिले जाते; टँगोचा सुवर्णकाळ म्हणून १९३५ पासून १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची वर्षे सांगतात, ती इथूनच मोजली जातात. शिक्षिका मध्येच म्हणाल्या की त्याच १९३५ साली लंडनमध्ये व्हिक्टर सिल्व्हेस्टर ह्यांनी आपला बॉलरूम वाद्यवृंद उभा केला. १९२२ चे विश्वविजेते नर्तक असलेल्या सिल्व्हेस्टरांना नाचणाऱ्यासाठी शेवटपर्यंत न ढळणारी गती हवी होती आणि त्यांनी ती तबकड्यांवर आणली. दोन खंडांत एकाच वर्षी दोन माणसे नाचणाऱ्यांच्या पायांचा विचार करत होती, ही गोष्ट मला विलक्षण आनंद देऊन गेली. एक गती घट्ट धरून ठेवत होता आणि दुसरा तिला धार लावत होता.

दुसऱ्या आठवड्यात कार्लोस दि सार्ली आले. दारिएन्सोनंतर ते ऐकताना सुरुवातीला वाटते की ठेकाच नाही. व्हायोलिन लांब, जोडलेली वाक्ये वाजवतात आणि खाली दि सार्लींचा स्वतःचा पियानो, विशेषतः डावा हात, शांतपणे जमीन देत राहतो. मी ज्या रात्री काम थांबवून ऐकत बसले होते ती रचना ह्याच वाद्यवृंदाची होती, हे मला वर्गात समजले. आनिबाल त्रोइलो तिसऱ्या आठवड्याला. १९३७ साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. ते स्वतः बँडोनिऑन वाजवत आणि त्यांचा जन्मदिवस, ११ जुलै, आर्जेंटिनात बँडोनिऑनचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. त्यांच्याकडे फ्रान्सिस्को फिओरेन्तिनो गातात तेव्हा वाद्यवृंद साथ करत नाही, संवाद करतो, आणि नाचणाऱ्यासमोर प्रश्न उभा राहतो की ठेक्यावर चालायचे की गळ्यावर. शिक्षकांनी ह्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. एकच गाणे दोनदा लावून एकदा ठेक्यावर आणि एकदा गळ्यावर चालायला लावले.

ओस्वाल्दो पुग्लिएसे शेवटी ठेवले होते. त्यांच्या 'ला युम्बा'चे ध्वनिमुद्रण १९४६ चे आहे आणि नावातच तिचा ठेका आहे: 'युम' जोरदार, 'बा' जवळजवळ गिळलेला. पुग्लिएसेंचा वाद्यवृंद सहकारी तत्त्वावर चालत असे आणि मिळकत वादकांत वाटली जाई. कम्युनिस्ट असल्यामुळे ते तुरुंगात असत तेव्हा वादक त्यांच्याविना कार्यक्रम करत आणि रिकाम्या पियानोवर एक लाल फूल ठेवत. ही हकीगत ऐकल्यावर 'ला युम्बा'तल्या त्या जड पावलांकडे मी निराळ्या कानांनी पाहू लागले, असे म्हटले तरी चालेल. टँगोच्या शेवटी दोन सूर येतात, त्यांना 'चान-चान' म्हणतात. दारिएन्सो ते ठोकून संपवतात, पुग्लिएसे दुसरा सूर उशिरा आणि इतका हलका सोडतात की नाचणाऱ्याला शेवटचे वजन ठेवायला धीर धरावा लागतो. आमच्यातले बरेच जण तो सूर येण्याआधीच हात सोडत असत. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत कोणी सोडत नव्हते.

आस्तोर पियाझोलांना अर्धेच सत्र मिळाले, आणि इथे शिक्षकांशी माझा मतभेद आहे. त्यांचे म्हणणे असे की पियाझोलांनी १९५० च्या दशकापासून जे संगीत रचले ते मुख्यतः ऐकण्यासाठी आहे आणि नवशिक्यांना त्यावर नाचायला लावू नये. नाचापुरते ते खरे आहे. पण ज्या वर्गाचा भर ऐकण्यावर आहे तिथे, त्रोइलोंच्या वाद्यवृंदातून तरुणपणी पुढे आलेल्या आणि १९५४ साली पॅरिसमध्ये नादिया बुलांजे ह्या संगीतशिक्षिकेकडे शिकायला गेलेल्या ह्या माणसाला पूर्ण सत्र मिळायला हवे होते. वडील गेल्यानंतर १९५९ साली त्यांनी रचलेले 'आदिओस नोनिनो' आम्ही मधूनच थांबवले. माझे वडील जाऊन तेव्हा वर्ष व्हायचे होते. ते संगीत अर्धवट थांबवू नये.

आर्जेंटाइन टँगोचे आठ आठवडे म्हणजे बहुतेक चालणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ला प्लाता नदीच्या दोन काठांवर, ब्वेनोस आइरेस आणि उरुग्वेच्या मोंतेविदेओच्या वस्त्यांमध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोलांवरचे कांदोम्बे, क्यूबाकडचा हबानेरा ताल, मिलोंगा हा जुना नाच आणि युरोपातून आलेल्या स्थलांतरितांचे सूर मिसळून हा नाच घडला. युनेस्कोने २००९ साली आर्जेंटिना आणि उरुग्वे ह्या दोघांच्या वतीने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. बॉलरूम टँगोत फिगर ठरलेल्या असतात आणि त्यांचा क्रम बांधता येतो. इथे क्रम नसतो. आलिंगन, चाल, थांबणे, ओचो म्हणजे आठच्या आकड्यासारखी वळणे, पावलांची फुली आणि पार्टनरभोवती फिरणे, एवढ्या सामग्रीतून लीडर त्या क्षणी ऐकू येणाऱ्या संगीतावर पुढचे पाऊल सुचवतो आणि फॉलोअर ते आपल्या वेळात पूर्ण करते. बॉलरूममध्ये मी चुकले की मला कळत असे, कारण पुढची स्टेप मला पाठ होती. इथे पुढे काय येणार हे लीडरलाही ठाऊक नसते, त्यामुळे अंदाज बांधणे हीच चूक ठरते. माझी पाठांतराची सवय मोडायला चार आठवडे लागले. शिक्षकांनी त्यासाठी डोळे मिटून चालण्याचा सराव दिला, आणि तो सरळ, पाच मीटर लांब, मागे जाणाऱ्या पावलांचा, दि सार्लींच्या संगीतावर होता.

अकराव्या आठवड्यात त्या सरावात एक वाक्य संपले, लीडर थांबला नाही, मी थांबले. मी ठरवून थांबले नव्हते. व्हायोलिनचा सूर संपत होता आणि माझे वजन मागच्या पायावर पूर्ण उतरायला अजून क्षणभर हवा होता, तो मी घेतला, आणि लीडरने तो मला दिला. समोर सत्तरीचे गृहस्थ होते, त्यांनी एवढेच म्हटले, "मलाही ऐकू आलं." त्या रात्री घरी आल्यावर मी जुनी प्रशस्तिपत्रे ठेवलेला खोका उघडला नाही, दि सार्ली लावला आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालत राहिले.

महिन्यातून एकदा वर्ग मिलोंगाच्या पद्धतीने सराव-संध्याकाळ करतो; टँगो नाचण्यासाठी जमणाऱ्या मेळाव्यालाही मिलोंगाच म्हणतात. तीन-चार गाण्यांची एक तांदा, मग नाचण्याजोगे नसलेल्या संगीताचा छोटा तुकडा, म्हणजे कोर्तिना, आणि त्यात सगळ्यांनी फ्लोअर मोकळा करायचा. नाचायला बोलावणे नजरेने आणि किंचित मान हलवून, म्हणजे काबेसेओने. ही पद्धत मला फार सभ्य वाटली, कारण नकार द्यायचा असेल तर नजर दुसरीकडे वळवली की पुरते आणि कोणाला सर्वांसमोर 'नाही' ऐकावे लागत नाही. फ्लोअरवर सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायचे आणि पुढच्या जोडीला मागे टाकायचे नाही. नियम शिक्षक सौम्यपणे पण न चुकता पाळायला लावतात, आणि त्यामुळे एवढ्याशा जागेत तेरा जोड्या एकमेकींना धक्का न लावता नाचू शकतात.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. ज्या वर्गाचा सगळा डोलारा ऐकण्यावर उभा आहे, त्याच्याकडे ध्वनीची व्यवस्था अगदी साधी आहे. एका लहान स्पीकरवर डबल बास जवळजवळ हरवतो, आणि बास ऐकण्याचा सराव आम्हाला शेवटी स्पीकरच्या जवळ गोळा होऊन करावा लागला. दालनाचा अर्धा भाग लाकडी आणि अर्धा फरशीचा आहे. दोन्हींच्या सीमेवर स्वेडचा सोल अडकतो आणि रोंदा, म्हणजे जोड्यांची फिरती रांग, नेमकी तिथूनच जाते. सव्वीस जण ही संख्या श्रवणाला चालते, शिकण्याला नाही: एका तासात शिक्षक माझ्यापाशी दोनदा पोहोचले तर तो चांगला दिवस. दर आठवड्याला काय ऐकले त्याची यादी मागूनही मिळाली नाही, आणि घरी तेच ध्वनिमुद्रण शोधायला मला रात्र-रात्र लागली, कारण एकाच रचनेची एकाच वाद्यवृंदाने निरनिराळ्या वर्षी केलेली ध्वनिमुद्रणे सापडतात आणि ती सारखी नसतात. नाव नोंदवण्याआधी स्पीकर कसा आहे, फ्लोअर कसला आहे आणि एका शिक्षकामागे किती जण आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे असे मी आवर्जून सांगेन.

आणखी एक तक्रार मी लेखी दिली आहे. पहिल्याच दिवशी पुरुषांना लीड आणि बायकांना फॉलो असे न विचारता वाटून टाकले गेले. बायका चौघी जास्त होत्या, त्यामुळे सराव-संध्याकाळ सोडून इतर दिवशी कोणी ना कोणी दोन गाणी भिंतीपाशी बसून राही, आणि ज्या बायकांना लीड शिकायची इच्छा होती त्यांनाही ते सुचवता आले नाही. शिक्षिकेने तक्रार शांतपणे वाचली आणि पुढच्या तुकडीत भूमिका विचारूनच ठरवू असे कळवले.

सोळाव्या आठवड्याच्या शेवटी, रूढीप्रमाणे, 'ला कुम्पार्सिता' लागली. मोंतेविदेओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेझ ह्या विद्यार्थ्याने कार्निव्हलमधल्या विद्यार्थ्यांच्या पथकासाठी मार्च म्हणून ती रचली होती, आणि मिलोंगा संपते ती तिच्यावर. ती दारिएन्सोंची आवृत्ती होती. सत्तरीचे ते गृहस्थ दालनाच्या पलीकडच्या टोकाला उभे होते आणि मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. बोलावण्याचा मान बहुधा पुरुषाचा असतो, पण ते आले. पहिले चार बार आम्ही दोघेही जागचे हललो नाही, नुसते ऐकले, आणि पाचव्याला निघालो.

पुढची तुकडी सुरू होते आहे. तिच्यात मी नाव दिले आहे, लीडर म्हणून.